वरतं पाहा म्हणावं

चिडायचं नाई, असं त्या सिस्टरनं मले सांगतलं तवा मी पयले तिच्यावरच चिडलो.

अंजुम नाव तिचं. शिबिराच्या गाडीनं आमच्या भागातल्या अठरा म्हाताऱ्याईले जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, त्यातला मी एक. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली, काळा चष्मा चढवला, अन् ही पोरगी आमाले रांगेत बसवून धडा शिकवाले लागली. वाकायचं नाई. वजन उचलायचं नाई. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाई. चुलीच्या धुरात बसायचं नाई. खर्रा-तंबाखू बंद. मंग माह्याकडं पाहून म्हणते, "अन् बाबा, तुमी चिडायचं बिलकुल नाई. जोरानं वरडलं का डोळ्यावर ताण येते. दिसाले लागलं ना? मंग देवाचे आभार मानायचे अन् शांत पडून राह्यचं."

"मी कुठी चिडतो?" मी असा वरडलो का बाजूच्या खाटेवरचा माणूस दचकून उठून बसला.

"हेच ते," ती हासत म्हणे, अन् माह्या कागदावर तिनं लाल पेनानं काहीतरी लिहून देल्लं.

घरी आलो तं मोहाची फुलं पडाले लागली होती. होळी झाली का आमच्या इकडं घरात माणूस राहात नाई. पहाटे चारले बाया टोपल्या अन् बॅटऱ्या घेऊन टोळीनं निघतात. वाघाच्या भेवानं एकटी कोणी जात नाई. झाडाखाली बसून एकेक फूल येचायचं, उन्ह पाठीले चटके द्याले लागलं का परतायचं, मंग आंगणात फुलं वाळत घालायची. माही बायको चार वर्साआधी गेली. पोरगा निकेश मोहर्लीच्या जंगलात जिप्सी चालवते, टुरिस्टाईच्या दिवसात त्याले सुट्टी नाई. घरी राह्यली सून, चंचल. ती मोहाले गेली का घरात मी, एक मांजर अन् थेंबाची शिशी.

थेंब दोन-दोन घंट्यानं टाकायचे होते. पयल्या दिवशी मीच टाकून पाह्यले. एक नाकावर पडला, एक मिशीत, एक घरंगळत कानात गेला. चंचल दुपारी आली, शिशी उजेडात धरून पाह्यली, तं एका दिवसात चौथाई खाली.

"काकूले सांगू का?" ती म्हणे.

"कोणाले?"

"रुखमा काकूले. सकाळभर घरीच असते ती."

"तिले? तिचा हात माह्या डोळ्याले? अवं, मी मरीन पण..."

"बाबा, डोळा," चंचल म्हणे.

अन् मले चूप बसा लागलं. त्या सिस्टरनं माह्या तोंडाले कुलूप लावून किल्ली सुनेच्या हाती देल्ली होती.

रुखमा म्हणजे गोपालची बायको. गोपाल माहा लहाना भाऊ, त्याले जाऊन अकरा वर्सं झाली. आंगण एकच, मधात काट्याचं कूड. ती माही भाऊसून, मी तिचा भासरा. आमच्यात भाऊसून भासऱ्यासमोर तोंडावर पदर घेते, त्याच्या खाटेले हात लावत नाई, अन् त्याच्याशी बोलत तं नाईच नाई. बोलायची पाळीच आली तं मधात कोणीतरी लागते. पोट्टं असलं तं पोट्ट्याले सांगते, कोणी नसलं तं भिताडाले सांगते, 'जेवण वाढलं म्हणावं'. बत्तीस वर्सांत रुखमा माह्याशी एक शब्द तोंडातोंडी बोलली नोती, अन् मी तिचं तोंड पाह्यलं नोतं. लग्नात पाह्यलं असन, तेही हळदीनं पिवळं झालेलं.

अन् मागच्या साली मी तिले गावासमोर चोर म्हणलं होतं.

आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर दोन मोह आहेत, बाजूबाजूले. बापानं वाटणी केली तवा उगवतीकडचा मले देल्ला, मावळतीकडचा गोपालले. गोपाल गेला तं त्याचा मोह रुखमा येचे. कधी भांडण नाई. पण दोन-तीन सालापासून माही टोपली अर्धी भरे अन् तिची काठोकाठ. झाडं एका वयाची, जमीन एक, मंग माह्याच झाडाले काय झालं? मी मनात धरलं का ही माह्या अगुदर येते अन् अंधारात माह्या झाडाखालचं गोळा करते. दोन दिवस पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी झुंजरुकाले माह्या झाडाखाली पांढरं लुगडं दिसलं. दिसलं म्हणजे, दिसलं असं मले वाटलं. त्या दिवसाईत मले दहा हातावरची म्हैस अन् बंडी सारखीच दिसे, पण हे मी कोणाले सांगतलं नोतं. स्वतःलेही नाई.

मी गेलो अन् तिच्या हातची टोपली हिसकली. तशीच डोक्यावर घेऊन गावात आलो, पारावर नेऊन उपडी केली. फुलं धुळीत घरंगळली. लोकं जमले. "माह्या घरातच चोर निघाली," मी म्हणलं, "भाऊ मेला तरी मी हिले उन्हात पडू देल्लं नाई, अन् ही माहंच झाड लुटते!"

हेमराज आमच्या गावातला जाणता माणूस. त्यानं विचारलं, "काय बाई, खरं आहे का हे?"

रुखमा पाराखाली उभी होती, पदर पार छातीवरी. भासऱ्यासमोर अन् एवढ्या माणसाईत ती काय बोलणार? चंचलच्या कानात काहीतरी बोलली. चंचल घाबरत घाबरत म्हणे, "बाबा, काकू म्हणते, वरतं पाहा म्हणावं."

वरतं पाहा! अरे बाप्पा, माह्या टाळूले आग लागली. वरतं कोण आहे? देव आहे नाई तं यम आहे. तुही वर जायची वेळ झाली, तिकडं पाहा, असं म्हणते ही मले! अडुसष्ट वर्साच्या माणसाले चारचौघांत मरण दाखवते! चंचल अजून काहीतरी सांगून राह्यली होती, मी तिच्यावर हात उचलला. तिले लागला नाई, पण उचलला. म्हणलं, "आजपासून तोही मोह माहा. चोराले झाड नाई. पाय ठेवला तं तंगडं तोडीन."

कोणी मधात पडलं नाई. घरचा मामला, अन् माहं तोंड सगळ्याईले मालूम. रुखमानं रिकामी टोपली उचलली अन् गेली. धुळीतली फुलं बकऱ्याईनं खाल्ली.

आता तीच बाई माह्या डोळ्यात औषध टाकाले येणार होती.

"काय म्हणली ती?" मी चंचलले विचारलं.

"काई नाई. किती वाजता यायचं तेवढं विचारलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर उताणा पडलो होतो, तं पयले साबणाचा वास आला. हात धुवून आली होती. माह्या डोक्यामागं उभी राह्यली. खाटेले लुगडं लागणार नाई इतकी दूर. पदर इतका खाली वढला होता का तिले माहा डोळाच दिसेना. थेंब कपाळावर पडला.

"खालची पापणी वढा म्हणावं," ती म्हणे. मांजराले सांगतलं असन, दुसरं कोणी नोतं.

"वढली म्हणावं," मी छपराले म्हणलं.

दुसरा थेंब भुवईत. मी दात चावले. चिडायचं नाई, सोमाजी. मंग लुगड्याची सळसळ आयकू आली. तिनं पदर वर सरकवला होता. थेंब टाकायचा तं डोळ्यात पाहा लागते ना, काय करन बिचारी.

मले तिचं तोंड उलटं दिसलं, हनुवटी वर अन् कपाळ खाली. नव्या डोळ्यानं मी पयलं तोंड पाह्यलं ते हे. केस पांढरे. गालाची हाडं निघालेली. ओठावर उन्हाच्या भेगा. ही इतकी बुडी कवा झाली? मी झटकन डोळा मिटला. थेंब पापणीवरून खाली गेला.

"डोळा मिटू नये म्हणावं. औषध वाया जाते."

मी उघडला. ज्या हाताले मी चोराचा हात म्हणलं होतं तो माह्या उघड्या डोळ्यावर बोटभर अंतरावर थांबला होता, अन् जरासाही हालत नोता. थेंब बरोबर मधात पडला. गार वाटलं. तिनं बूच लावलं, शिशी कोनाड्यात ठेवली अन् गेली.

रोज सहाले, आठले, दहाले ती ये. मी घड्याळात न पाहता सांगू शके. साबणाचा वास, सळसळ, थेंब, बूच. ना ती काई बोले ना मी. कधी कधी माह्या तोंडात येई का हिले काहीतरी बोला लागते. देवाचे आभार मान म्हणे ती सिस्टर. देवाचे मानणं सोपं आहे, तो माह्या खाटेमागं येऊन उभा राहात नाई.

पाचव्या दिवशी दुपारी चंचल आंगणात फुलं पसरवून राह्यली होती. मी ओसरीत बसून होतो. म्हणलं, "चंचल, एवढा वेळ कसा भेटते वं तिले? ऐन मोहाच्या दिवसात सकाळभर घरी?"

चंचलचा हात थांबला. माह्याकडं पाह्यलं नाई. "तिले कुठी मोह येचाले जायचा आहे, बाबा?" म्हणे, अन् पुन्हा फुलं पसरवाले लागली.

माह्या कानशिलापर्यंत उन्ह चढल्यासारखं झालं. म्हणजे मी तिचं झाड घेतलं, म्हणून तिले सकाळ मोकळी होती, अन् त्या मोकळ्या सकाळी ती माहा डोळा सांभाळत होती. अन् मी वरून विचारून राह्यलो, वेळ कसा भेटते! जीभ झडली असती तं बरं झालं असतं.

तरी माणसाचं मन पाहा किती हरामी. मी त्याले समजावलं का चोरी तं केलीच होती ना तिनं. दंड आहे, भोगते. थेंब टाकते म्हणून चोरी पुसली जात नाई. इतकं समजावूनही त्या रोजी मी भरलं ताट तसंच सरकवलं. चंचलनं विचारलं, पोट दुखते का बाबा? हव म्हणलं.

दहा दिवसांनी तपासणीले गेलो. अंजुम सिस्टरनं डोळ्यात उजेड मारून पाह्यला. "एकदम चांगला आहे. कोण टाकते थेंब?" तिनं विचारलं.

"घरचंच माणूस आहे," मी म्हणलं.

"भाग्यवान आहा बाबा. लोकाईच्या घरी कोणी टाकत नाई, सुजलेले डोळे घेऊन येतात." मंग म्हणे, "आता फिरा थोडं. पण वाकू नका अजून."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी काठी घेऊन बांधीकडं निघालो. बाप रे, काय दिसे! धुऱ्यावरचं गवत पात्यापात्यानं दिसे. दूरच्या पळसाची लाल फुलं, पाखराच्या पंखाची पांढरी रेघ, चालताना माह्याच पायाची नखं. मले हासू येऊन राह्यलं होतं. असं वाटे का कोणी वाटेत भेटावं अन् त्याले सांगावं, अरे तुह्या सदऱ्याची दुसरी गुंडी तुटली आहे.

चंचल मावळतीकडच्या मोहाखाली बसून येचत होती. टोपली भरत आली होती. माह्या मोहाखाली कोणी नोतं.

"हा काऊन नाई येचला?" मी विचारलं.

"तिथी काय आहे, बाबा?"

मी खाली पाह्यलं. झाडाखालची जागा पाला जाळून साफ केलेली. त्यावर इथी एक, तिथी दोन, अशी मुठभर फुलं. खाली काई नाई म्हणून मी वर पाह्यलं.

माहा मोह मेला होता. पुरा नाई, एक फांदी जिती होती, तिच्यावर फुलाचे गोंडे होते. बाकी सारा शेंडा वाळून पांढरा पडलेला, साल निघालेली, अन् त्याच्या सांध्यासांध्यात बांडगुळाचे हिरवे गठ्ठे. बाजूचा गोपालचा मोह फुलानं लदलेला. एवढं मोठं झाड, कोसभरावरून दिसन असं, अन् मी त्याच्याखाली बसून तीन साल जमिनीवर चोर शोधत होतो.

"हे कवा वाळलं?" मी विचारलं.

"तीन-चार साल झाले."

"मंग मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

चंचल उठून उभी राह्यली. हात पुसले. "सांगतलं होतं ना बाबा. पारावर. काकूनं मले सांगतलं अन् मी तुमाले सांगतलं, वरतं पाहा म्हणावं."

वाकता येत नोतं म्हणून झाडाले पाठ लावून घसरत घसरत खाली बसलो. वरतं पाहा म्हणावं. झाडाकडं पाहा म्हणत होती बाई. मले तोंडातोंडी सांगता येत नोतं, म्हणून दोन शब्द पाठवले, अन् त्या दोन शब्दाचं मी मरण केलं.

"मी पुढचं सांगतच होती," चंचल म्हणे, "पण तुमचा हात वर होता."

ती मले धरून घरी घेऊन आली. आठचे थेंब चुकले होते. दहाले रुखमा आली. साबणाचा वास आला अन् माह्या डोळ्यातून आपसूकच पाणी वाहाले लागलं. ती थांबली. डोळ्यातलं पाणी जाईपर्यंत शिशी हातात धरून उभी राह्यली. मंग थेंब टाकला अन् गेली. मी तवाच बोलाले पायजे होतं. बोललो नाई.

संध्याकाळी मी सोपा रस्ता धरला. चंचलले म्हणलं, "काकूले जाऊन सांग, तिचं झाड तिले वापस. उद्यापासून येच म्हणावं."

चंचल कुडापल्याड गेली अन् पाण्याचा घोट घेऊन होईपर्यंत परत आली.

"काय म्हणली?"

"सांगू का?"

"सांग."

"म्हणे, चोर म्हणून घेतलं, आता भीक म्हणून नको म्हणावं."

अन् दुसऱ्या दिवशी सहाले ती थेंब टाकाले हजर. तोच हात, तसाच स्थिर. त्या हातानं एखादा दिवस माह्या थोबाडीत मारली असती तं मी सुटलो असतो. पण ती मारत नोती अन् यायची चुकतही नोती.

मी हेमराजले निरोप धाडला, का आज दिवस बुडताना माणसं पारावर जमव, सोमाजीले बोलायचं आहे. सगळे आले. माहं बोलणं म्हणजे कोणाची तरी फजिती, हे त्याईले मालूम होतं, पाहाले आले. चंचल रुखमाले घेऊन आली. ती मागच्या साली जिथी उभी होती तिथीच उभी राह्यली.

मी चष्मा काढला. म्हणलं, "रुखमा."

बायाईनं तोंडाले हात लावले. भासऱ्यानं भाऊसुनेचं नाव घेतलं! एक बुडी तं "राम राम" म्हणत उठाले लागली.

"रुखमा," मी पुन्हा म्हणलं, "तू चोर नोती. माहं झाड वाळलं होतं. मले दिसत नोतं, अन् दिसत नाई हे सांगाले मले लाज वाटे. तू खरं सांगतलं, मी उलटं आयकलं. झाड तुहं होतं, तुहंच आहे. मी तुही माफी मांगतो." अन् हात जोडले.

मंग हेमराज म्हणे, "वा सोमाजी. याले म्हणतात मोठं मन. या वयात असं कोण बोलते?" बाकीच्याईनंही माना हालवल्या. कोणीतरी पाठीवर हात ठेवला. खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं. आंग हलकं झालं. वाटलं, झालं बाप्पा, फिटलं.

तवा रुखमानं पदर कपाळापर्यंत वर घेतला अन् माह्याकडं पाह्यलं. मधात कोणी नोतं. ना चंचल, ना भिताड.

"इथी सांगून काय उपेग आहे जी?" ती मलेच म्हणे. आवाज जाडा होता. तो आवाज मी मांजराशी बोलताना आयकला होता, पण माह्याशी बोलताना तो येगळाच लागला. "इथी कोणाले मालूम नोतं? झाड सगळ्याईच्या वाटेवर आहे. इथल्या सगळ्याईले डोळे होते."

हेमराज आपल्या चपलाकडं पाहाले लागला. माह्या पाठीवरचा हात निघून गेला.

"माह्या दिव्यानीच्या सासरी मालूम नाई," ती म्हणे. "आपल्या गावची पोरगी त्या गावात देल्ली आहे, तिनं चोरीची गोष्ट तिकडं नेली. चोराची पोरगी म्हणतात तिले. वाटी सापडली नाई तं पयले तिची पेटी उघडतात. होळीले माहेरी पाठवली नाई, माय शिकवून पाठवन म्हणे. तिथी येऊन सांगसान का?"

दिव्यानी गोपालची एकुलती एक पोरगी. बाप नोता म्हणून तिचं कन्यादान मी केलं होतं. हे माह्या बायकोच्या फोटोलेच आठवत असन, मले नाई, कारण वरीसभरात मी एकदाही त्या पोरीची खबर घेतली नोती.

"सांगतो," मी म्हणलं.

"कवा?"

"उद्या."

"सातची मोटर आहे," ती म्हणे, अन् पदर खाली घेऊन गेली.

दिव्यानीचं सासर मुलचेऱ्याकडं, तिकडं जायचं म्हणजे आष्टीले मोटर बदला लागते. ती समोर बायाईच्या शिटावर बसली, मी मागं. आष्टीच्या स्टँडावर तिनं पाण्याच्या नळावर हात धुतले अन् माह्या समोर येऊन उभी राह्यली. मी बाकावर मान मागं टाकली. चार माणसं पाहून राह्यली होती. तिनं थेंब टाकला. मले काहीतरी बोलायचं होतं, रुखमा, तुहे उपकार, असं काहीतरी. पण त्या घरी बोलल्याशिवाय हे बोलाले माहं तोंड नोतं.

दिव्यानीचं सासर म्हणजे चांगलं घर, पक्क्या भिताडाचं. तिचा सासरा श्रावण आंगणातच होता. मले पाह्यलं अन् धावत आला.

"या या सोमाजी भाऊ! अलभ्य लाभ!" खाटेवर नवी वाकळ टाकली, पाय धुवाले पाणी आणवलं. दिव्यानी दारात आली, मायले पाह्यलं, मले पाह्यलं अन् चौकट धरून तिथीच उभी राह्यली. बारीक झाली होती पोरगी. रुखमाले कोणी बस म्हणलं नाई. ती आपली उंबऱ्याबाहेर भुईवर बसली. इहीणबाईनं, दिव्यानीच्या सासूनं, मले पितळी गडव्यात पाणी आणून देल्लं. रुखमाकडं पाह्यलं नाई.

श्रावण माह्या बाजूले बसला. आवाज लहान करून, पण रुखमाले आयकू जाईन असा, म्हणे, "भाऊ, तुमचं नाव आमी इथी रोज काढतो. घरच्या माणसालेही सोडलं नाई तुमी. असा सच्चा माणूस आजकाल भेटते कुठी? तुमी होते म्हणून चोरी उघडी पडली, नाई तं आमी फसलोच होतो."

गडवा माह्या हातात होता. एक वाईट विचार मनात आला, तोही सांगून टाकतो. वाटलं, याले एकट्याले बाजूले घेऊन हळूच सांगावं. वाकळेवर बसूनच. मान राहीन अन् कामही होईन. रुखमा माह्याकडं पाहून नोती राह्यली. ती जमिनीकडं पाहत होती, म्हणजे तिनंही हे ओळखलं असन.

मी गडवा खाली ठेवला अन् उठलो.

"इहीणबाई, तुमीही या. दिव्यानी, तू पण आयक," मी म्हणलं. "हिनं चोरी केली नाई. माहा मोह वाळला होता, मले मोतीबिंदूनं दिसला नाई. चोर मी होतो. हिचं झाड मी घेतलं अन् वरीसभर मीच खाल्लं."

श्रावण माह्या तोंडाकडं पाहात राह्यला.

"पण भाऊ," तो म्हणे, "तुमीच तं म्हणले होते."

"हव. मीच म्हणलं होतं."

"पारावर. लोकाईसमोर."

"हव."

"आमी या पोरीले वरीसभर..." तो मधातच थांबला. इहीणबाईनं कमरेचा किल्ल्याईचा जुडगा काढला, त्यातली पेटीची लहानी किल्ली सोडवली अन् दिव्यानीच्या हातात ठेवली. मंग म्हणे, "मायले घरात ने, पोरी. उन्हात काऊन बसवली?"

दिव्यानी उंबरा वलांडून गेली, मायच्या काखेत हात घालून तिले उठवलं. दोघी माह्या बाजूनं आत गेल्या. इहीणबाईही त्याईच्या मागं गेली.

आंगणात श्रावण अन् मी. त्यानं खाली ठेवलेला गडवा उचलला, पाणी कोंबड्याईच्या कुंड्यात वतलं, अन् माह्याकडं न पाहता तोही घरात गेला. मले बस म्हणणारं कोणी नोतं. मी उभाच राह्यलो.